डुलत्या ओट्यावरचे मान्यवर

प्रिय केवळराम,

वरचे दोन शब्द लिहून बराच वेळ थांबलो होतो. तालुक्यातल्या निम्म्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं, हे तुला ठाऊक आहे. कोणाला 'आदरणीय' चालतं, कोण 'सन्माननीय' म्हटल्याशिवाय खुर्चीत नीट टेकत नाही, माजी सभापतींच्या नावातला 'माजी' किती हळू म्हणायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायचं नाही. तू मंत्री झाल्यापासून तुझं नाव तर कितीतरी व्यासपीठांवरून घेतलंय. 'राज्याचे लाडके राज्यमंत्री, लोकनेते, नामदार श्री. केवळरामजी वलथरे साहेब.' एका श्वासात, कुठेही न अडखळता. पण कागदावर नुसतं केवळराम लिहिताना हात अडला. आगाऊपणा वाटला तर वाटू दे. हे पत्र नामदारांना नाही. त्यांना लिहायचं असतं तर वर विषय आणि संदर्भ घातले असते, आणि ते तुझ्या कार्यालयातल्या गठ्ठ्यात जाऊन निवांत पडलं असतं.

हे तुला डब्यासोबत मिळेल. रविवारी सकाळी तू साकोलीच्या विश्रामगृहावर उतरलास की तुझी पुतणी रंजू तुझ्या मायनं दिलेला डबा घेऊन येईल. मरळीचा रस्सा आणि भात. ही युक्ती मायचीच. मी फोन करून थकलो, असं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फोन त्याचे लोक उचलतेत गा मास्तर. डब्बा तो सोता उचलते. डब्ब्याच्या फडक्यात बांध तुही चिठ्ठी." तेव्हा केवळराम, कागदाला रश्श्याचा डाग पडला असला तर रागावू नकोस. आणि जेवण्याआधी वाच, नंतर नको.

आधी गावाकडचं सांगतो. पोळा झाला. हलका धान निसवू लागलाय, भारी धानाला अजून वेळ आहे. घरी ज्योत्स्नाचा गुडघा पावसाळ्यात दुखतो, पण सानगडीच्या बाजाराला जायचं म्हटलं की थांबतो. तलाव यंदा काठोकाठ भरलाय. सांडव्यावरून पाणी जातंय, आणि पारीच्या बांधावर उभं राहिलं तर आपण लहानपणी ज्या आंब्याखाली कपडे काढून ठेवायचो, त्याची मुळं पाण्यात आहेत. एवढं पाणी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. गाव खूश आहे. मी मात्र रोज सकाळी फिरायला जातो आणि त्या पाण्याकडे पाहून परत येतो, फिरणं होत नाही.

कारण याच पाण्यात रविवारी तुझ्या शुभहस्ते माशांची बोटुकली सोडायची आहे. मच्छीमार सोसायटीला एका योजनेतून तरंगता धक्का मिळालाय. निळे पोकळ प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत अडकवून केलेला, काठापासून पार आत खोल पाण्यात गेलेला. गावानं पहिल्याच दिवशी त्याला डुलता ओटा हे नाव दिलं. मी उगाच कोणाला दोष देणार नाही, वस्तू वाईट नाही. चार जणांनी जाळं ओढावं, टोपल्या उतराव्यात, त्यासाठी उत्तम आहे. बसवणाऱ्या अभियंत्यानं तोंडाशी फलकही लावला होता, 'एकावेळी फक्त बारा व्यक्ती'. लावला होता असं म्हणतो, कारण परवा भंडाऱ्याहून तुझ्या स्वागताचा फ्लेक्स छापून आला आणि तो बांधायला खांब पाहिजे होता. फलकाचा खांब आयता सापडला. आता त्या बारा व्यक्तींवर तू हात जोडून उभा आहेस, आणि तुझ्या पायांशी तुझी सगळी पदं.

निमंत्रण कार्डावर तीस नावं आहेत. उद्घाटक तू. मग अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, प्रमुख उपस्थिती, आणि ज्यांना यातलं काहीच देता आलं नाही त्यांच्यासाठी 'सन्माननीय उपस्थिती'. कार्यक्रमपत्रिकेत ओळ अशी आहे: 'सर्व मान्यवरांच्या हस्ते तरंगत्या धक्क्यावरून मत्स्यबोटुकली सोडणे.' सर्व मान्यवर म्हणजे तीसच्या तीस. प्रत्येकाचा एकेक माणूस मागे, छत्री धरणारा किंवा मोबाइलवर चित्रण करणारा. मी काठावर माइक घेऊन उभा राहीन. मी नाव घेतलं की तो माणूस ओट्यावर जाणार, दुसरं घेतलं की दुसरा. केवळराम, एवढ्या लोकांना पाण्यावर बोलावणारा आवाज माझा असणार आहे. झोप उडाली ती यामुळे.

मी घाबरट आहे असं तू म्हणशील. आधी मलाही तसंच वाटलं. म्हणून गेल्या शुक्रवारी सोसायटीच्या लोकांना गोळा करून रंगीत तालीम घेतली. अध्यक्ष मधुकरराव म्हणाले, नावं वाचा मास्तर, आमी जातो एकेक. मग आपले जाळेवाले मान्यवर झाले. छोटू आता दोन नातवंडांचा आजा आहे, तो खासदार झाला. मधुकरराव स्वतः तू झाले, आणि गळ्यात पंचा घालून इतक्या सावकाश चालले की सगळे हसून लोळले. मी पूर्ण मानमरातबासह एकेक नाव घेत गेलो. आठ झाले, दहा झाले, ओटा जरा जरा हलत होता. पंधरा-सोळा झाले तेव्हा काठावरून रंजूनं मोबाइल वर धरला आणि ओरडली, "काका, इकडं पाहा!" बस, एवढंच. सगळे तिच्या बाजूला सरकले. छोटू ओरडला, "काबे, खासदाराले ढकलतं का? संसदेत प्रश्न उचलीन तुहा!" दुसरा म्हणाला, "नामदाराले मंधात घ्या रे, फोटोत कटून राहिला!" आणि ती बाजू गपकन खाली गेली. घोट्यापर्यंत पाणी, मग गुडघ्यापर्यंत. सगळे जन्मजात पोहणारे. चौघं-पाचजण धपाधप पाण्यात उडाले, ओटा परत वर आला, आणि हसण्याचा असा गदारोळ झाला की पारीवरचे बगळे उडाले. मी नाही हसलो. मी मनात कार्ड वाचत होतो. त्यातल्या किती जणांना पोहता येतं? फेटा, उपरणं, हार, वर ते जाकीट, आणि वय. तुला येतं हे मला माहीत आहे, पण तुझ्या गळ्याला दहाजण पडले तर तुझ्या पोहण्याचा काय उपयोग, हेही आपल्या दोघांना माहीत आहे.

नारिंगी रंगाची सुरक्षा जाकिटं आली आहेत. तीही बारा. मी म्हटलं, निदान पुढच्या लोकांना घालू. तर कळलं की त्यात हार दिसत नाही. आता ती मंडपाच्या खांबांना झुलती टांगली आहेत, शोभेला. लांबून झेंडूच्या माळा वाटतात.

तालीम झाल्यावर मधुकररावांना बाजूला घेतलं. ते समजूतदार माणूस आहेत, त्यांनीही पाहिलं होतं. डोक्यावरचं पाणी पुसत म्हणाले, "मास्तर, नावं तुमी खोडा. मी काईच नाई म्हनत. फक्त ज्याचं खोडलं त्याच्या घरी सांगाले तुमीच जाजा." यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. मागच्या मंडईच्या जत्रेला शेजारच्या गावात आजी सभापतींच्या आधी माजी सभापतींचं नाव पुकारलं गेलं. आजी उठले, नारळ तिथेच ठेवला आणि गाडीत बसले. त्या गावाचा रस्ता अजून अर्धाच आहे. पुकारणारा मी नव्हतो, पण तेव्हापासून तालुक्यातला प्रत्येक आयोजक कार्ड छापायच्या आधी चार घरी दाखवून येतो. अशा कार्डावरचं नाव खोडणं म्हणजे काय ते तुला मी काय सांगू.

मग दोन तुकड्या करू म्हटलं. आधी अर्धे जातील, ते परतले की अर्धे. मधुकरराव म्हणाले, "दुसऱ्या तुकडीत कोन?" ती गोष्टही तिथंच संपली. काल मत्स्य विभागाच्या कार्यालयात जाऊन आलो. तिथले साहेब सज्जन आहेत, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, सर, यादी वरून मंजूर होऊन आली आहे. क्रमाबद्दल काही सूचना असेल तर सांगा, संख्येत बदल करता येत नाही. मी अभियंत्याला फोन केला. तो बिचारा पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, मी फलक लावला होता सर, मी फलक लावला होता. शेवटी तुझ्या स्वीय सहायकाला गाठलं. त्यानं विचारलं, आपण कोण? म्हटलं, साहेबांचा बालमित्र. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेबांचे बालमित्र पुष्कळ आहेत सर, विषय सांगा." विषय सांगितला. सुरक्षेचं पोलीस बघतील, म्हणाला. बघतील ना. पोलीस तुला गर्दीपासून सांभाळतील. पण रविवारी तुझ्या अंगावर येणार आहे ते मानाचं ओझं, आणि त्याला अडवायला कोणत्या पोलिसाची छाती होईल?

आजारी पडून घरी बसावं, हाही विचार आला. ज्योत्स्नानंच झाडून काढला. म्हणाली, तुम्ही नाही गेलात तर साकोलीचा तो दुकानांच्या उद्घाटनाचा निवेदक बोलावतील, तो तर पब्लिकलाही ओट्यावर चढवेल. खरं आहे. निदान माझ्या हातात माइक असला तर मी हळू वाचीन, मध्ये चार ओळी घालीन, वेळ काढीन. पण वेळ काढून काय होणार? नावं तर शेवटी घ्यावीच लागतील.

तुझ्या मायला हे सगळं कळावं असं मला वाटत नव्हतं. पण परवा सोसायटीनं तुला द्यायला भंडाऱ्याहून पाण्याचा पितळी गुंड आणला, त्यावर तुझं नाव कोरून, आणि मधुकररावांनी तो तिला दाखवायला पाठवला. मी बरोबर होतो. मायला आता डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. नामदार, लोकनेते, सगळं. तिनं गुंडावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "एवढं कोरलं तं घासाचं कसं? चिंच भरून बसन ना खाचीत." मग कार्डावर तिचंही नाव आहे हे सांगितलं, 'मातोश्री श्रीमती सत्यभामाबाई, विशेष उपस्थिती'. तिला वाटलं दुसरीच कोणी बाई येणार आहे. मग हसत विचारलं, "विशेष उपस्थितीनं कुठं बसाचं?" मी म्हटलं, बसायचं नाही माय, डुलत्या ओट्यावर उभं राहायचं, लेकाच्या बाजूला. ती हसायची थांबली. तिनं गुंड बाजूला सारला. मग एकदम म्हणाली, "केवढे लोक चढवून राहिले त्याच्यावर?" आणि मला खोटं बोलता आलं नाही.

ती काय आठवत होती ते तुला सांगायची गरज नाही. तरी लिहितो, कारण आपण दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधीच बोललो नाही. आपण पाचवीत होतो. ते बडे साहेब कमळं पाहायला आले होते. तुझे बाबा त्यांना डोंग्यातून घेऊन गेले, आणि आपल्या दोघांना पारीवर ठेवलं, साहेबांचे बूट सांभाळायला. एक बूट तुझ्या हातात, एक माझ्या. मधोमध गेल्यावर साहेब फोटो काढायला उभे राहिले. डोंगा म्हणजे कोरलेलं लाकूड, त्यात उभं राहायचं नसतं हे आपल्याला चालता येण्याआधी कळायचं. पाणी शांत होतं, आवाज स्वच्छ येत होता. तुझे बाबा म्हणाले, "साहेब, बसाजी." साहेबांनी ऐकलं नाही. तुझे बाबा पुन्हा म्हणाले, "साहेब, जरासं खाली बसाजी, मेहरबानी होईन." तलाव आडवा पोहून जाणारा माणूस तो. जाळं ओढताना त्यांची हाक पलीकडच्या शिवारात जायची. त्या दिवशी त्यांचा आवाज इतका बारीक होता की तो त्यांचाच आहे हे ओळखायला मला वेळ लागला. तिसऱ्यांदा काही म्हणायच्या आत डोंगा उलटला. साहेबांनी त्यांच्या गळ्याला मिठी मारली होती. साहेबांना लोकांनी ओढून काढलं. तुझे बाबा दुपारी सापडले, कमळाच्या देठांत. संध्याकाळपर्यंत तो बूट तुझ्या हातातच होता, मीच तो काढून घेतला.

तेरवी झाल्यावर तुझे काका पहिल्यांदा पाण्यात उतरायला निघाले, तेव्हा तुझी माय पारीवर येऊन उभी राहिली. ते बोल मला जसेच्या तसे आठवतात. "पान्यात कोनाले जी म्हनाचं नाई. कलेक्टर असो का देव असो. नाव घ्याचं आन् बस म्हनाचं. ज्याले हाक आयकू आली त्यानं जिथं असन तिथं खाली बसाचं. कोन बोललं, काहून बोललं, नंतर इचाराचं." तिला कोणी उलट बोललं नाही. तेव्हापासून आपल्या तलावावर हे चालत आलंय. मागच्या वर्षी मत्स्य विभागाचे एक तरुण अधिकारी नावेत बसले, आणि छोटूनं त्यांना भर पाण्यात "ए प्रशांत, बस खाली" म्हटलं. ते लालबुंद झाले. काठाला लागताच छोटूनं हात धरून उतरवलं आणि म्हणाला, "या साहेब, सांभाळून या." मधुकररावांना सगळं समजावून सांगावं लागलं. नंतर ते अधिकारी हसले, पण बसले होते लगेच, हे महत्त्वाचं.

मी शेतकऱ्याघरचा, पाण्याला भिणारा. हा कायदा मी तुझ्याच डोंग्यात शिकलो. तू "लिल्या, बस!" ओरडायचास आणि मी धप्पकन बसायचो. एकदा शाळेच्या पायऱ्यांवर कोणी तरी तसंच ओरडलं, तर मी तिथेही बसलो होतो. तू किती दिवस चिडवत होतास त्यावरून.

मग तू मोठा झालास. यात माझी काही तक्रार आहे असं समजू नकोस. पहिल्यांदा निवडून येऊन घरी आलास तेव्हा दारात मी म्हटलं होतं, "आला का बे केवळ्या." तुझ्यासोबतच्या एकानं माझा कोपर धरून हळूच सांगितलं, "भाऊसाहेब म्हना ना मास्तर." तू माझ्याकडे पाहिलंस, हसलास, काही बोलणार होतास, तेवढ्यात तुला फोन आला. मी तेव्हापासून साहेब म्हणतो. मनापासून म्हणतो. तुझ्या बाबांना ज्या ओसरीवर कोणी नावानंही बोलावलं नाही, नुसतं 'ए' म्हटलं, त्याच ओसरीवरची माणसं आता तुझ्यासाठी उठून उभी राहतात. म्हणून मी तुझं एकही पद गाळत नाही. दुसऱ्यांची नावं कधी घाईत उरकतो, तुझं कधीच नाही. पारीवर बसून ऐकणाऱ्या सुमनबाई, केशरबाई, आपल्या ढीवरांच्या, मच्छीमारांच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया, माझ्या तोंडून 'नामदार' ऐकताना जे चेहरे करतात ते तुला व्यासपीठावरून दिसत नाहीत, मला दिसतात. ते शब्द तुझे आहेत, तुझ्या बाबांच्या वाट्याला न आलेले. त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त रविवारी ते काठावर राहावेत, पाण्यावर येऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. ओट्याच्या तोंडाशी आलास की तू स्वतः सांग की बोटुकली मी आणि सोसायटीचे चार लोकच सोडू, बाकी सगळ्यांनी काठावरून आशीर्वाद द्यावा. मी हे म्हटलं तर तीस जणांचा अपमान होईल, मधुकररावांनी म्हटलं तर सोसायटीचं वाटोळं होईल. तू म्हटलंस तर तो तुझा साधेपणा होईल, दुसऱ्या दिवशी पेपरात येईल. आणि फ्लेक्स जरा बाजूला सरकवायला सांग. त्याच्यामागे काय लिहिलंय ते तुझ्यासमोर कोणीतरी वाचू दे.

पण मी इतकी वर्षं कार्यक्रम पाहिले आहेत. काठावर ठरलेलं पाण्यापर्यंत टिकत नाही. तू सांगशील, सगळे माना डोलावतील, आणि कॅमेरा दिसला की कोणीतरी म्हणेल, भाऊ, मी एकटाच येतो, आणि त्याच्यामागे दुसरा. तू कोणाला खाली उतर म्हणू शकणार नाहीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांचाही तोच होता. काल संध्याकाळी मी मायला म्हटलं, तुम्ही पारीवर उभ्या राहा, तुमची हाक तो ऐकेल. ती म्हणाली, "माहा आवाज आता चुलीपासून दारापर्यंत जात नाई. तुह्या हाती तं भोंगा हाय. तू मार हाक. पर नावानं मारजो. जी लावशीन तं त्याले समजनार नाई का पान्यातली हाक हाय." आणि मग लगेच, जणू काही झालंच नाही असं, रश्श्यात किती तिखट घालायचं ते विचारू लागली.

म्हणून हे पत्र. परवानगी मागायला नाही, कारण तू नाही म्हटलंस तरी मी तेच करणार आहे. रविवारी मी तुझं नाव घेईन ते पूर्ण घेईन, नामदार, लोकनेते, राज्यमंत्री, काही गाळणार नाही. बायांना ऐकू दे, टाळ्या वाजू दे. पण ओट्याची एक कड जरी खाली जाताना दिसली, तर मी सगळं सोडून देईन, आणि हजारो लोकांसमोर, तुझ्या अधिकाऱ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर, माइकमध्ये ओरडीन, "केवळ्या, बस!" तेव्हा वळून पाहू नकोस. कोण बोललं, कसं बोललं, हे मनात आणू नकोस. पांढरे कपडे, ओला ओटा, काही पाहू नकोस. जिथं असशील तिथं धप्पकन खाली बस, आपण बसायचो तसं. बाकीच्यांची मला काळजी नाही. मंत्री खाली बसलेला असताना उभं राहायची हिंमत त्या कार्डावरच्या एकाचीही होणार नाही. सगळे बसतील. ओटा थांबेल. मग काठावर ये, आणि काय रागवायचं ते मला रागव. मी तुला साहेबच म्हणेन.

काठावर भोंगा धरून उभा असलेला,
तुझाच
लिल्या